घरच्या कंप्युटरसाठी मोफत अँटिव्हायरस: निवड, बसवणं आणि तपासणी

मोफत अँटिव्हायरस डाउनलोड करायला घेण्याआधी कंप्युटरवर सध्या कोणता चालू आहे ते पाहून घ्या. विंडोज १० किंवा ११ असेल तर काहीच नाही असं सहसा होत नाही. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, विंडोजबरोबरच येतो. त्याला पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही, मुदत संपत नाही. आमच्या मते बहुतेक घरांना तो पुरतो, पण तो पूर्णपणे चालू असला तरच. नेमकं तेच अनेक कंप्युटरवर झालेलं नसतं. त्यामुळे नवीन काही निवडण्याआधी असलेलं तपासून पक्कं करायचं.

आधी काय आहे ते पाहा

स्टार्ट मेनूत ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करून ते उघडा आणि ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’वर जा. वरच्या भागात दुसऱ्या कंपनीचं नाव दिसत असेल तर सध्या काम त्या अँटिव्हायरसकडे आहे आणि डिफेंडर बाजूला झालेला आहे. कोणाचंच नाव नसून ‘करंट थ्रेट्स’, ‘क्विक स्कॅन’ असं दिसत असेल तर डिफेंडर काम करतोय. खात्री करायची असेल तर त्याच ॲपच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ उघडा. तिथे अँटिव्हायरस, फायरवॉल आणि वेब प्रोटेक्शन यांच्यासमोर कोणाची नावं आहेत ते स्पष्ट दिसतं.

नव्या लॅपटॉपवर एक अडचण हमखास भेटते. त्यावर एखाद्या कंपनीचा ठरावीक मुदतीचा अँटिव्हायरस आधीच घातलेला असतो. मुदत संपली की तो अपडेट घेणं थांबवतो, ‘पैसे भरा’ असे संदेश दाखवत राहतो आणि वापरणारा मात्र ‘आपल्याकडे अँटिव्हायरस आहे’ या समजुतीत राहतो. पैसे भरून तो पुढे चालवायचा नसेल तर मुदत संपायची वाट पाहू नका. ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ या वाटेने तो काढा आणि कंप्युटर रीस्टार्ट करा. तरीही विंडोज सिक्युरिटीत त्याचं नाव दिसत राहिलं तर त्याच कंपनीच्या वेबसाइटवरून तिचं रिमूव्हल टूल घ्या. मॅकॅफी, नॉर्टन, अव्हास्ट अशा मोठ्या कंपन्या असं टूल फुकट देतात. साध्या अनइन्स्टॉलनंतर मागे राहणारे ड्रायव्हर आणि सर्व्हिसेस ते काढून टाकतं. हे अवशेष राहिले की डिफेंडर चालू व्हायला कचरतो किंवा नवा अँटिव्हायरस अर्धवट बसतो.

दुसरी तपासणी खुद्द विंडोजची. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी जादा सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची आहे. डिफेंडरच्या व्हायरस ओळखण्याच्या याद्या विंडोज १०ला किमान ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळत राहतील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय, आणि तेवढ्यावर अनेक जण निर्धास्त होतात. पण ही दोन कामं वेगळी आहेत. अँटिव्हायरस आत येणारा वाईट प्रोग्राम ओळखतो. विंडोजमधली भोकं बुजवण्याचं काम सुरक्षा अपडेट करतात. भोक उघडं राहिलं तर काही हल्ले अँटिव्हायरस पाहू शकेल अशी फाइल डिस्कवर न आणताच होतात. विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२०मध्ये आणि ८.१चा जानेवारी २०२३मध्ये संपला. असा कंप्युटर बँकेच्या कामासाठी वापरत असाल तर कुठलाही अँटिव्हायरस घालून तो सुरक्षित होणार नाही. तिथे विंडोज बदलणं किंवा त्याऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घालणं हाच उपाय.

डिफेंडर नीट चालू करणं

‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘मॅनेज सेटिंग्ज’ उघडा. इथले चार स्विच चालू हवेत.

‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’: फाइल उघडताना, कॉपी होताना, डाउनलोड होताना तपासणारा हाच. तो हाताने बंद केला तरी थोड्या वेळाने किंवा रीस्टार्टनंतर आपोआप चालू होतो. वारंवार बंदच सापडत असेल तर काहीतरी त्याला बंद पाडतंय असं समजा.

‘क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन’: नव्या, अनोळखी फाइलबद्दल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारणा करणारा हा भाग. डिफेंडरची बरीचशी ताकद इथे आहे. इंटरनेट नसताना तो स्थानिक यादीवर आणि फाइलच्या वागणुकीवर विसंबतो, आणि तेव्हा त्याची पकड सैल होते.

‘ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन’: संशयास्पद फाइल तपासणीसाठी पाठवतो. फाइलमध्ये खासगी माहिती असण्याची शक्यता दिसली तर आधी विचारतो.

‘टॅम्पर प्रोटेक्शन’: एखाद्या प्रोग्रामला डिफेंडरच्या सेटिंग बदलू देत नाही. हा बंद असेल तर आधी चालू करा आणि मगच बाकीचं पाहा.

त्याच पानावर खाली ‘एक्सक्लूजन्स’ आहे. ती यादी उघडून वाचाच. चोरीचं सॉफ्टवेअर किंवा गेमचा क्रॅक (पैसे न भरता चालावा म्हणून फोडलेली प्रत) बसवताना ‘हा फोल्डर अँटिव्हायरसमधून वगळा’ अशी सूचना असते. ती कोणीतरी पाळलेली असते आणि मग विसरली जाते. काही मालवेअर (व्हायरससारखे घातक प्रोग्राम) आत शिरल्यावर स्वतःच अशी नोंद घालतात. ‘डाउनलोड्स’ फोल्डर, टेम्प फोल्डर किंवा आख्खी सी ड्राइव्ह या यादीत दिसली तर ती नोंद लगेच काढा आणि फुल स्कॅन लावा.

मग ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन सेटिंग्ज’ उघडून ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग’ चालू करा, खालच्या दोन्ही चौकटींत टिक हवी. हा स्विच काही कंप्युटरवर बंद असतो. घरच्या कंप्युटरवर रोज त्रास देणारी बरीच मंडळी, म्हणजे सर्च इंजिन बदलणारे टूलबार, ‘पीसी वेगवान करा’वाले क्लीनर, नको ते ड्रायव्हर अपडेटर, याच गटात मोडतात. काटेकोर अर्थाने ते व्हायरस नसतात. म्हणून हा स्विच बंद असेल तर डिफेंडर त्यांना जाऊ देतो.

शेवटचं ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मधलं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’. हे चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रामला लिहिता येत नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांविरुद्ध हे खरंच उपयोगी आहे, पण सुरुवातीला त्रासही देतं: एखादा गेम सेव्ह होत नाही, जुनं फोटो एडिटर ‘फाइल सापडली नाही’ असा विचित्र एरर देतं. अशा वेळी ते सबंध बंद करू नका. ‘अलाउ ॲन ॲप थ्रू कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’मध्ये जाऊन ‘रीसेंटली ब्लॉक्ड ॲप्स’मधून तेवढ्याच प्रोग्रामला परवानगी द्या. ही सोय डिफेंडर चालू असतानाच काम करते. दुसरा अँटिव्हायरस घातला की ती जाते. नव्यात तशी सोय फुकट मिळते का, हे निवडताना पाहायलाच हवं.

दुसरा कधी घ्यावा

इतकं करून झाल्यावर बदलण्याला काही ठोस कारण हवं. अशी कारणं असतात. कंप्युटर बराच काळ इंटरनेटशिवाय चालतो आणि पेनड्राइव्हवरून सतत फाइली येतात. किंवा घरातली मंडळी वेगवेगळे ब्राउझर वापरतात आणि फसव्या वेबसाइट सगळीकडे अडवणारी एकच सोय हवी आहे. डिफेंडरसोबतची स्मार्टस्क्रीन ही वेबसाइट अडवण्याची सोय मुख्यतः एज ब्राउझरमध्ये चालते, क्रोम आणि फायरफॉक्स त्यासाठी गूगलची सेफ ब्राउझिंग यादी वापरतात. किंवा तुमच्या विशिष्ट कंप्युटरवर डिफेंडर खरोखरच जड पडतोय. ‘कुणीतरी सांगितलं’ हे मात्र कारण नाही.

विंडोजच्या एस मोडमध्ये चालणाऱ्या लॅपटॉपवर स्टोअरबाहेरचे प्रोग्राम बसतच नाहीत, तिथे डिफेंडरच वापरायचा. मॅकमध्ये गेटकीपर आणि एक्सप्रोटेक्ट ही ॲपलची संरक्षणं आधीपासून असतात. लिनक्सवर क्लॅमएव्ही मिळतं. ते मुक्तस्रोत आहे, पण मुख्यतः मेल सर्व्हरवर आणि विंडोजला जाणाऱ्या फाइली तपासायला वापरतात.

चाचण्यांचे आकडे कसे वाचावेत

‘टॉप टेन मोफत अँटिव्हायरस’ छापाच्या याद्या बाजूला ठेवा. त्यातल्या अनेकांना लिंकवरून झालेल्या विक्रीवर कमिशन मिळतं. पाहायच्या तर स्वतंत्र प्रयोगशाळांच्या चाचण्या पाहा: जर्मनीतली एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज आणि ब्रिटनमधली एसई लॅब्स. तिघींचे निकाल फुकट वाचायला मिळतात.

एव्ही-टेस्ट तीन बाबींना प्रत्येकी ६ गुण देते: संरक्षण, वेग आणि वापरातली सुलभता. एकूण १८. ‘सुलभता’ म्हणजे दिसायला छान की नाही हे नव्हे. चांगल्या फाइलला चुकून व्हायरस ठरवण्याचं प्रमाण त्यात मोजतात. एव्ही-कंपॅरेटिव्ह्जकडे ‘रिअल-वर्ल्ड प्रोटेक्शन’ ही चाचणी आधी उघडा, कारण त्यात वेबवरून प्रत्यक्ष हल्ला कसा येतो तसा आणून पाहतात. त्यांच्या मालवेअर चाचणीत इंटरनेट असताना आणि नसताना पकड किती, हे वेगवेगळं छापलेलं असतं. ज्याचा कंप्युटर बरेचदा ऑफलाइन असतो त्याने तो रकाना सर्वांत आधी पाहावा.

एकाच चाचणीवर निर्णय घेऊ नका. ‘रिअल-वर्ल्ड’ चाचणीत नमुने काही शेच असतात, त्यामुळे ९९.५ आणि ९९.८ टक्के यातला फरक एक-दोन फाइलींचा असतो आणि पुढच्या खेपेला तो उलटतो. मागच्या वर्षभराचे निकाल पाहा, सातत्य पाहा. त्यानंतर चुकीचे इशारे किती ते पाहा. १०० टक्के पकडणारा पण दर आठवड्याला चांगली फाइल उचलून नेणारा अँटिव्हायरस घरात टिकत नाही, कंटाळून माणसं इशारे न वाचता ‘अलाउ’ दाबू लागतात, आणि मग खरा इशाराही तसाच जातो. चाचणी कोणत्या आवृत्तीची झाली तेही बघा. मोफत आणि सशुल्क आवृत्तीचं ओळखण्याचं इंजिन बहुधा एकच असतं, पण वेब तपासणी किंवा रॅन्समवेअरची ढाल मोफत आवृत्तीत नसू शकते.

फुकट कसं परवडतं

प्रत्येक मोफत अँटिव्हायरसबद्दल हा प्रश्न विचारावा, कारण कंप्युटरवरची प्रत्येक फाइल आणि बहुधा प्रत्येक वेब पत्ता पाहण्याची मुभा आपण त्याला देतो. बऱ्याच कंपन्यांचं उत्तर सरळ असतं: मोफत वापरणाऱ्यांपैकी काही जण पुढे पैसे भरतात. म्हणून जाहिराती दाखवल्या जातात. हे त्रासदायक आहे, घातक नाही.

घातक काय असू शकतं याचं नोंदलेलं उदाहरण अव्हास्टचं आहे. जंपशॉट या तिच्या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकली जात होती. जानेवारी २०२०मध्ये हे बातम्यांतून उघड झाल्यावर जंपशॉट बंद करण्यात आली. २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलरची रक्कम भरायला लावली आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला मनाई केली. म्हणजे आज अव्हास्ट वापरूच नये असं नाही. पण कोणत्याही मोफत अँटिव्हायरसचं प्रायव्हसीचं पान आणि सेटिंग न वाचता तो वापरू नये, एवढं त्यातून नक्की ठरतं.

मालकीही पाहावी. अव्हास्टने एव्हीजी २०१६मध्ये घेतली. पुढे अव्हास्ट आणि नॉर्टन २०२२मध्ये एकत्र येऊन जेन डिजिटल ही कंपनी झाली. अविराही त्याच घरात आहे. त्यामुळे अव्हास्ट, एव्हीजी, अविरा, नॉर्टन ही चार नावं समोर ठेवून तुलना करणारा माणूस एकाच कंपनीचा माल पाहत असतो. अव्हास्ट आणि एव्हीजी यांचं इंजिनही एकच आहे. कॅस्परस्की रशियन कंपनी आहे. अमेरिकेने २०२४मध्ये तिथे तिच्या विक्रीवर आणि अपडेटवर बंदी घातली. चाचण्यांमध्ये तिची कामगिरी वर्षानुवर्षं चांगली आहे. विश्वासाचा प्रश्न ज्याचा त्याने ठरवायचा, पण अपडेट बंद झालेल्या देशात तो चालवत बसणं चूकच.

मोफत परवाना बहुधा फक्त घरगुती वापरासाठी असतो. त्याच कंप्युटरवर धंद्याचे हिशेब, ग्राहकांची बिलं चालत असतील तर परवाना वाचा.

नावांपैकी कोणतं कोणाला

बिटडिफेंडरची मोफत आवृत्ती शांत आहे. सेटिंग कमी, इशारे कमी. बसवून विसरून जायचंय, विशेषतः घरातल्या ज्येष्ठांच्या कंप्युटरवर, तर ती बरी. मात्र त्यासाठी ईमेल देऊन खातं उघडावं लागतं. ज्यांना प्रत्येक बाब स्वतः ठरवायला आवडते त्यांना ती अपुरी वाटेल.

अव्हास्ट किंवा एव्हीजीमध्ये (दोन्ही नकोत, एकच) फुकटात सोयी जास्त मिळतात: वेब तपासणी, मेल तपासणी, काही फोल्डरना रॅन्समवेअरपासून संरक्षण. त्याची किंमत म्हणजे सततच्या सूचना, ‘तुमच्या कंप्युटरवर इतक्या समस्या सापडल्या’ असे घाबरवणारे आकडे आणि ते सोडवायला पैसे मागणारं बटण. कोणत्या सूचनेकडे दुर्लक्ष करायचं हे ज्याला कळतं त्यानेच हे घ्यावं. अविरातही जोडसोयींची गर्दी आहे.

मालवेअरबाइट्सच्या मोफत आवृत्तीबद्दल गैरसमज फार आहे. सुरुवातीला १४ दिवस सगळं चालू असतं, नंतर सतत चालणारी तपासणी बंद होते आणि हाताने स्कॅन करण्याची सोय तेवढी उरते. तो एकटा अँटिव्हायरस म्हणून ठेवायचा नाही. डिफेंडरच्या जोडीला, शंका आली की चालवायला मात्र उत्तम.

कमी ज्ञात नावांच्या बाबतीत एक कसोटी लावा: वर सांगितलेल्या तीन प्रयोगशाळांपैकी एकीच्याही अलीकडच्या यादीत ते नाव नसेल तर घेऊ नका.

बसवताना

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. अँटिव्हायरस सिस्टिमच्या खोलवर ड्रायव्हर बसवतो. क्वचित त्यातून विंडोज सुरू न होण्याची वेळ येते.

२. कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा. सर्चमध्ये सर्वांत वर येणारी ओळ जाहिरात असू शकते आणि बनावट डाउनलोड अशाच जाहिरातींतून पसरतात.

३. डाउनलोड झालेल्या फाइलवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ टॅब पाहा. तिथे कंपनीचं नाव हवं. टॅबच नसेल तर फाइल काढून टाका.

४. आधीचा अँटिव्हायरस काढा, रीस्टार्ट करा. डिफेंडरला हाताने बंद करायची गरज नाही. नवा अँटिव्हायरस विंडोजकडे नोंद करतो आणि डिफेंडर आपणहून बाजूला होतो. दोन परके अँटिव्हायरस मात्र एकत्र कधीच नकोत. एखादी फाइल उघडली की दोघांचे ड्रायव्हर तीच फाइल अडवून तपासू पाहतात, एकाने पकडलेला व्हायरस दुसऱ्याला हल्ला वाटतो, आणि कंप्युटर रांगत चालतो किंवा निळा पडदा दाखवून बंद पडतो.

५. इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर थांबा. मोठ्या, रंगीत ‘इन्स्टॉल’ बटणाच्या खाली किंवा कोपऱ्यात बारीक, फिकट अक्षरांत ‘कस्टमाइज’ किंवा ‘ऑप्शन्स’ लिहिलेलं असतं. त्यात गेलात की कंपनीचा स्वतःचा ब्राउझर, तो डिफॉल्ट करण्याची टिक, व्हीपीएन, क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर असं सगळं आधीच निवडलेलं सापडतं. फाइल, वागणूक, वेब आणि हवी तर मेल तपासणी एवढं ठेवून बाकीच्या टिक काढा.

६. बसल्यावर प्रायव्हसीची सेटिंग उघडा. अव्हास्टमध्ये ती ‘मेनू’, ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘पर्सनल प्रायव्हसी’ इथे असते. इतर कंपन्यांना माहिती देणं, जाहिरातींसाठी वापर, अशा टिक काढा.

७. याद्या अपडेट करा, मग क्विक स्कॅन, आणि रात्री किंवा जेवणाच्या वेळी फुल स्कॅन लावा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर फुल स्कॅनला कित्येक तास लागू शकतात, त्यात बिघाड काही नाही.

८. विंडोज सिक्युरिटीत परत जाऊन नव्या नावासमोर हिरवी खूण आहे का ते पाहा.

९. तपासणी खरोखर जागी आहे का हे पाहायला आयकार या संस्थेच्या वेबसाइटवरची चाचणी फाइल डाउनलोड करा. ती ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल आहे. ती व्हायरस म्हणून धरायची असं सगळ्या अँटिव्हायरसनी मान्य केलंय. डाउनलोड होताच ती गायब झाली किंवा इशारा आला तर ठीक. ब्राउझरनेच अडवली तर तो निकाल अँटिव्हायरसचा नव्हे, हे लक्षात ठेवा. फाइल डेस्कटॉपवर सुखाने पडून राहिली आणि उघडताही आली तर रिअल-टाइम तपासणी बंद आहे. झिपमधली तीच फाइल उघडेपर्यंत पकडली गेली नाही तर घाबरू नका, अनेक अँटिव्हायरस झिप आतून तपासायला ती उघडण्याची वाट पाहतात. ही चाचणी अँटिव्हायरस चालू आहे एवढंच सांगते, तो किती चांगला आहे ते सांगत नाही.

बसवल्यानंतर काही वेबसाइटवर सर्टिफिकेटची (साइटच्या ओळखीच्या दाखल्याची) चूक दिसू लागली तर वेब तपासणीकडे पाहा. एचटीटीपीएसच्या, म्हणजे साइटशी होणाऱ्या कुलूपबंद देवाणघेवाणीच्या, आतलं वाचण्यासाठी काही अँटिव्हायरस स्वतःचं सर्टिफिकेट मध्ये घालतात, आणि काही ब्राउझर किंवा बँकेच्या साइटना ते चालत नाही. सेटिंगमध्ये ‘एचटीटीपीएस स्कॅनिंग’ बंद करता येतं. फाइलवरचं संरक्षण त्याने जात नाही.

कंप्युटर मंद झाला तर

मोजल्याशिवाय दोष देऊ नका. अँटिव्हायरस बदलण्याआधी आणि नंतर तीच दोन-तीन कामं करून घड्याळ लावा: चालू करण्यापासून ब्राउझर उघडेपर्यंतचा वेळ, हजारभर छोट्या फाइलींचा फोल्डर कॉपी करण्याचा वेळ. पहिला दिवस धरू नका, कारण प्रत्येक फाइल पहिल्यांदा तपासली जात असते, नंतर न बदललेल्या फाइली तो सोडून देतो.

डिफेंडर चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ वर दिसत असेल तर तो डिफेंडरच. कंप्युटर रिकामा असताना ठरलेला स्कॅन चालतो आणि त्याला मूळ सेटिंगप्रमाणे प्रोसेसरचा साधारण ५० टक्क्यांपर्यंतच वाटा घेता येतो. ‘टास्क शेड्युलर’मध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर या फोल्डरमधल्या ‘शेड्युल्ड स्कॅन’ला सोयीची वेळ देता येते. मंदपणावर उपाय म्हणून ड्राइव्ह वगळू नका. चार जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेल्या कंप्युटरला एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो तो अँटिव्हायरस बदलून पडत नाही.

इशारा आला तर

नाव वाचा. ‘ट्रोजन’, ‘बॅकडोअर’, ‘रॅन्सम’ असं असेल तर फाइल क्वारंटाइनमध्येच (अँटिव्हायरसने वेगळी कोंडून ठेवलेल्या जागी) ठेवा. ‘पीयूए’ म्हणजे नको असलेला प्रोग्राम, काढून टाका. ‘हॅकटूल’ बहुधा ॲक्टिव्हेटरवर, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालू करून देणाऱ्या चोरीच्या प्रोग्रामवर, येतं, आणि अशा फाइलसोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्राम येणं अगदी नेहमीचं आहे. ‘तो तर चुकीचा इशारा असतो’ हे सांगणारा तीच फाइल वाटणारा असतो.

चांगल्या कंपनीची फाइल चुकून पकडली असं वाटलं तर गूगलच्या मालकीच्या व्हायरसटोटल या साइटवर ती तपासा. ६५० एमबीपर्यंतची फाइल एकाच वेळी सत्तरच्या आसपास इंजिनांकडून तपासून मिळते. एखाद-दोन अनोळखी इंजिनांनीच आक्षेप घेतला असेल आणि फाइल जुनी, सही असलेली असेल तर ती चूक असण्याची शक्यता जास्त. मोठ्या पाच-सहा इंजिनांचं एकमत असेल तर फाइल सोडून द्या. कालच बाहेर आलेल्या फाइलवर सगळीकडे हिरवं दिसलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. तिथे चढवलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांना पाहता येते. आपली बँक स्टेटमेंट, ओळखपत्रं, करारनामे तिथे चढवू नका.

दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर (डाउनलोड केल्यापासून १० दिवस चालतो, नंतर नवा घ्यावा लागतो), ईसेट ऑनलाइन स्कॅनर किंवा मालवेअरबाइट्स चालवा. यांचं असलेल्या अँटिव्हायरसशी भांडण होत नाही, कारण हे सांगाल तेव्हाच तपासतात. काढलेली गोष्ट रीस्टार्टनंतर परत येत असेल तर डिफेंडरच्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मधला ऑफलाइन स्कॅन वापरा. उघडी कामं सेव्ह करून तो लावा. कंप्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच सुमारे १५ मिनिटं तपासणी चालते, त्यामुळे लपून बसलेल्या प्रोग्रामला स्वतःला वाचवायची संधी मिळत नाही.

अँटिव्हायरस जिथे कमी पडतो

सध्याचा एक प्रकार नीट समजून घ्या, कारण यात आपणच दार उघडतो. एखादी वेबसाइट ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणते. चौकटीवर क्लिक केलं की पुढच्या पायऱ्या दाखवते: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. मघाच्या क्लिकने साइटने एक कमांड गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. आर दाबल्यावर उघडते ती ‘रन’ची चौकट. तिथे पेस्ट होणाऱ्या ओळीचं फक्त एक टोक दिसतं, आणि तिथे ‘मी रोबोट नाही’ छापाचा मजकूर मुद्दाम ठेवलेला असतो. एंटर दाबताच विंडोजचीच साधनं वापरून मालवेअर उतरवलं जातं. कमांड तुम्ही स्वतः चालवल्यामुळे अँटिव्हायरसला ती बरेचदा तुमचीच वाटते. कुठलीही खरी कॅप्चा ‘रन’ उघडायला सांगत नाही. घरातल्या प्रत्येकाला हे दाखवून ठेवा.

‘तुमचा कंप्युटर व्हायरसने भरला आहे, या नंबरवर फोन करा’ असा पूर्ण पडद्याचा इशारा हे फक्त वेब पान असतं. एस्केप किंवा एफ ११ दाबा, जमलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना जुने टॅब परत आणू नका. इशारे पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात येत असतील तर एखाद्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ती काढा.

संशयास्पद काही खरोखर चाललं असेल, विशेषतः क्रॅक किंवा वरची कमांड, तर नंतर आलेल्या स्वच्छ स्कॅनवर विसंबू नका. पासवर्ड चोरणारे बरेच प्रोग्राम काही सेकंदांत ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिन कुकी (तुम्ही लॉगिन केलंय हे साइटला सांगणारी खूण) पाठवून स्वतःला पुसून टाकतात. वाय-फाय बंद करा. फोनवरून किंवा दुसऱ्या कंप्युटरवरून आधी ईमेलचा, मग बँकेचा, मग बाकीचे पासवर्ड बदला आणि प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ निवडा. चोरलेली कुकी असली तर पासवर्ड न कळताही खात्यात शिरता येतं, ती वाट या लॉगआउटने बंद होते. संसर्ग झालेल्या कंप्युटरवर बसून हे करू नका, नवे पासवर्डही तसेच जातील.

मग त्या कंप्युटरवरून फक्त डॉक्युमेंट, फोटो, व्हिडिओ बाहेर काढा, इन्स्टॉलर आणि प्रोग्राम नकोत. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’मधून ‘रीसेट धिस पीसी’ घ्या. ‘कीप माय फाइल्स’ऐवजी ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि पर्याय मिळाला तर ‘क्लाउड डाउनलोड’ घ्या, म्हणजे विंडोजच्या नव्या फाइली मायक्रोसॉफ्टकडून येतात. नवं विंडोज तयार झालं की रोजच्या वापरासाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं ‘स्टँडर्ड’ खातं बनवा. विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, वर दिलेले डिफेंडरचे स्विच लावा आणि बाहेरच्या डिस्कवरच्या फाइली स्कॅन करून मगच परत आणा.